माशाचं सुतक

एका गावात एक अत्तरवाला राहायचा. त्याचं नाक इतकं तिखट, की मोगरा कुणाच्या अंगणातला ते तो नुसती कळी हुंगून सांगायचा. त्याच्या बायकोला सगळे अत्तरीण म्हणत. ती वरच्या अंगाच्या ओढ्याकाठच्या वाडीतून लग्न होऊन आलेली. कामाला वाघ होती, पण भलतंसलतं काही ऐकलं की तिचं डोकं फिरायचं, आणि नेमकं तेच तिला घरात रोज ऐकावं लागायचं.

गावात पौर्णिमेला बाजार भरत असे. एकदा तिथे दर्यापारचा माल विकणारा एक व्यापारी आला. त्याच्याकडे काचेचे हौद होते आणि हौदांत मासे, शेंदरी, पिवळे, लुगड्याच्या पदरासारख्या लांब शेपट्यांचे. अत्तरवाला ते बघून विरघळलाच. दुकानाच्या ओटीवर काचेचा हौद आला, हौदात शेंदरी मासा आला, आणि गिऱ्हाईक अत्तर सोडून मासा बघत उभं राहू लागलं.

तो मासा आठवडाभरही टिकला नाही. चैत्राचं ऊन ओटीवर यायचं आणि हौदातलं पाणी दुपारी हाताला कोमट लागायचं. त्यात अत्तरवाला कौतुकानं त्याला दिवसभर शेव चारायचा. एका सकाळी मासा पोट वर करून तरंगला. अत्तरवाला तणतणत पुढच्या बाजारात तक्रार घेऊन गेला. व्यापाऱ्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही.

"शेट, पेढे वाटा," तो म्हणाला. "तुमच्या घरावर मोठी पीडा येत होती. ती त्या मुक्या जिवानं आपल्या अंगावर घेतली."

अत्तरवाल्यानं आठवून पाहिलं. त्याच आठवड्यात ओटीचं एक कौल खाली पडलं होतं आणि कुणाच्या डोक्यात बसलं नव्हतं. झालं, त्याला सगळं पटलं. व्यापाऱ्यानं मग एक नियमही सांगितला. मासा मेला की त्यानं घेतलेली पीडा पाण्यात उतरते, म्हणून पुढच्या बाजारापर्यंत त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. माशाचं सुतक पाळायचं आणि ते फिटलं की नवा मासा न्यायचा.

अत्तरीण म्हणाली, कौल माकडानं पाडलं आणि मासा उन्हानं मेला, यात पीडा आली कुठून? नवऱ्यानं तिला सांगितलं की तुला यातलं काही कळत नाही. हे वाक्य ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती, तरी दर वेळी ते तिला नव्यानं झोंबायचं.

मग हा खेळच सुरू झाला. मासा यायचा, मासा मरायचा, पाणी तसंच राहायचं, पुन्हा मासा यायचा. कुणी उन्हानं गेला, कुणी पावसाच्या गढूळ पाण्यानं, कुणी थंडीनं आखडून. मासा जिवंत असेपर्यंत अत्तरीण बिचारी त्याच्या पाण्याची काळजी घ्यायची, उन्हाळ्यात माठातलं पाणी घालायची, हिवाळ्यात हौदाला गोधडी गुंडाळायची. मेला की परसातल्या मोगऱ्याखाली पुरायची. तिला त्या माशांची फार दया यायची. हजारो कोसांवरून त्यांना आणलं, पण अत्तरवाल्याची पीडा घ्यायला येता का, असं त्यांना कुणी विचारलं होतं?

वेड एका घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ते गल्लीभर पसरलं. सराफाकडे हौद आला, हलवायाकडे आला, आणि ज्यानं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या त्या वैद्याकडेही आला. संध्याकाळी पुरुषमंडळी ओटीवर बसून एकमेकांना आपापल्या घरचे मेलेले मासे सांगू लागली. जितके जास्त मासे मेले तितकं ते घर भाग्याचं. एकाचा मासा चुकून महिनोन् महिने जगला, तर लोक त्याच्याकडे कीव करून बघत.

वासाचं तर विचारूच नका. गल्लीतल्या निम्म्या हौदांत सुतकाचं हिरवं पाणी साचलेलं असायचं. मोगऱ्याची कळी ओळखणारा आपला अत्तरवाला दोन्ही नाकपुड्यांत अत्तराचे फाये घालून दुकानात बसायचा. गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की म्हणायचा, पीडेचा वास असाच असतो. अत्तरीण आतून हे ऐकायची आणि भांडी जरा जास्तच जोरात आपटायची.

तिच्या परसात अळवाच्या सावलीला एक दगडी डोणी होती. त्या डोणीत तिनं माहेरच्या ओढ्यातले ओंजळभर मासे आणून सोडले होते. बोटभर लांबीचे, मातकट रंगाचे, डोक्यावर चांदीचा एक ठिपका. तिच्या वाडीत त्यांना टिकल्या म्हणत. या टिकल्यांना ना गोधडी लागायची, ना माठातलं पाणी. इथलं ऊन, इथला पाऊस, इथली थंडी, सगळं त्यांच्या वाडवडिलांपासूनचं. त्या मजेत राहायच्या, वाढायच्या, आणि फार झाल्या की अत्तरीण माहेरी जाताना त्यातल्या काही परत त्यांच्या ओढ्यात सोडून यायची.

अत्तरवाल्याला त्या टिकल्या आवडत नसत. ना रंग, ना शेपटी. आणि मुख्य म्हणजे त्या मरत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय, असं तो खरोखर म्हणायचा.

पावसाळा सरता सरता गावात हिवतापाची साथ आली. नेमके तेव्हा गल्लीतले सगळेच हौद सुतकात होते. सराफ थंडी वाजून निजला. वैद्य स्वतःच अंथरुणाला खिळला आणि तिथूनच लोकांना काडेचिराइताचा काढा सांगू लागला. कोपऱ्यावरचा हलवाई तर त्या तापानं गेलाच. त्याच्या ओटीवर तेव्हा दोन माशांचं सुतक चालू होतं. लोक म्हणाले, बिचाऱ्याला दोन मासे पुरले नाहीत. हे ऐकून अत्तरिणीनं घरात येऊन काडेचिराइताची पुडी शोधून ठेवली.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी अत्तरवाल्यालाही हुडहुडी भरली.

अत्तरिणीनं ओटीवर खाट टाकली, त्याच्या अंगावर दोन गोधड्या घातल्या आणि काढा उकळून आणला. त्यानं तोंड फिरवलं. काढा कडू असतो आणि तो पिण्याची गरजच नाही, नवा मासा आला की तो ताप घेऊन जाईल, असं त्यानं दातावर दात आपटत सांगितलं. बाजाराला अजून अवकाश होता. अत्तरिणीनं विनवलं, धाक घातला, हलवायाची आठवण दिली. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. ती इतकी वैतागली होती की तिला रडूही येईना.

"बरं, मासाच हवा ना?" ती म्हणाली, परसात गेली आणि डोणीतली एक टिकली लोट्यातून आणून तिनं ओटीवरच्या हौदात सोडली.

अत्तरवाला खाटेवरून टिकलीकडे टक लावून बघत राहिला, की आता मरेल, मग मरेल. टिकली मरेना. त्या घाण पाण्यात ती इकडून तिकडे सुळसुळत होती, जरा थांबायची, पटकन काहीतरी टिपायची, पुन्हा पुढे. दुसरा दिवस उजाडला, त्याला पुन्हा थंडी भरली, तरी टिकली तशीच. आता मात्र अत्तरवाला घाबरला.

"अगं, ही मरत का नाही?" तो म्हणाला. "तिला बाहेर काढ आणि ठेव जमिनीवर. माझ्या जिवापेक्षा एक मासा मोठा आहे का?"

अत्तरीण त्याच्याकडे बघत उभी राहिली. एवढं सोन्यासारखं माणूस, आणि एका बोटभर माशाच्या मरणाची वाट बघत स्वतः मरायला निघालंय. तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

"पीडा तुमची आहे," ती म्हणाली. "तुमच्या हातानं काढा."

एवढं बोलून ती शेजारी सराफाच्या ओटीवर गेली. सराफ तापात बरळत होता, त्याला हौदाकडे बघायला शुद्ध नव्हती. तिनं अत्तराची एक रिकामी काचेची बरणी त्याच्या सुतकाच्या पाण्यात बुडवून भरली आणि घेऊन आली. तोवर अत्तरवाला कसाबसा उठून वाटीनं टिकलीच्या मागे लागला होता. बऱ्याच झटापटीनंतर ती त्याच्या ओंजळीत आली. ती तिथे तडफडली, आणि अत्तरवाल्याचा हात थबकला. आजवर त्यानं इतके मासे मेलेले पाहिले होते, पण मरताना एकही हातात धरला नव्हता.

"जमिनीवर नको," अत्तरीण म्हणाली आणि तिनं बरणी पुढे धरली. "यात घाला. सराफांच्या सुतकाचं पाणी आहे. तुमच्या व्यापाऱ्याचं खरं असेल, तर यात ती वाचायची नाही."

त्यानं सुटका झाल्यासारखं घाईनं टिकलीला बरणीत सोडलं. मग त्यानं बरणी उजेडात धरली आणि त्याला पाण्यात काहीतरी वळवळताना दिसलं. बारीक, काळं, वाकडंतिकडं होत वर येणारं आणि पुन्हा खाली जाणारं, बरणीभर.

"हे काय आहे?"

"डासांच्या अळ्या. डास चावले की हिवताप येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि अख्ख्या गल्लीनं सुतकाच्या नावाखाली डास पाळलेत."

टिकली आधी तळाशी जाऊन गप्प बसली. मग हळूच वर आली, एक अळी टिपली. मग दुसरी. बघता बघता बरणीतली वळवळ कमी होत गेली आणि अत्तरवाल्याचं तोंड उघडं पडत गेलं. त्यानं वळून आपल्या हौदाकडे पाहिलं. तिथलं पाणी हिरवंच होतं, पण त्यात वळवळणारं आता काही नव्हतं.

"आपल्या हौदातही हेच होतं?" त्यानं विचारलं.

"हेच होतं. पीडा पीडा म्हणता ना, ती ही. ती घ्यायला मासा मेलेला चालत नाही, जिवंत लागतो. ही बघा, कालपासून खातेय. मरायला तिला सवड कुठे आहे?"

अत्तरवाल्यानं बरणी सांभाळून खाली ठेवली, हात पुढे केला आणि काढ्याचा पेला मागितला. काढा कडूजहर होता. तो त्यानं नाक न मुरडता प्यायला, कारण नाकात अजून फाये होते.

तो सावकाश बरा झाला. पहिल्यांदा उठून बसला तेव्हा त्यानं नाकातले फाये काढले आणि स्वतःच हौदाचं पाणी उपसायला घेतलं. त्याचं बघून गल्लीनं आपापली सुतकं ओतून टाकली, हौद घासले आणि अत्तरिणीच्या डोणीतली एक-एक टिकली नेली. काही उत्साही लोक तर टोपल्या घेऊन ओढा उपसायलाच निघाले. अत्तरीण वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घरात ठेवायचे तर चार ठेवा, बाकीचे ओढ्याचे आहेत, ओढ्यालाही डास आहेत, असं तिनं त्यांना ऐकवलं आणि टोपल्या परत पाठवल्या. या लोकांना एका वेडातून बाहेर काढावं तर ते दुसऱ्यात शिरतात, असं ती पुटपुटत घरी आली.

पौर्णिमेला व्यापारी आला. शेंदरी मासे मांडून त्यानं मोठ्या अगत्यानं विचारलं, की या खेपेला कुणाकडे किती गेले? सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"एकही नाही?" तो म्हणाला. "अरेरे. मग तुमची पीडा गेली कुठे, शेट?"

"खाल्ली," अत्तरवाला म्हणाला.

अत्तरीण पुढे झाली. शेंदरी माशांकडे बघून तिला अजूनही वाईट वाटत होतं. यांना जिथून आणलंत तिथे परत न्या, तिथे हेही मजेत जगत असतील, असं तिनं व्यापाऱ्याला सांगितलं. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्या गावात तो पुन्हा आला नाही.

त्या संध्याकाळी अत्तरवाला ओटीवर बसून सराफाला समजावत होता, की त्या पाण्यात काहीतरी काळंबेरं आहे याचा आपल्याला पहिल्यापासून वास येत होता, आपलं नाक कधी चुकत नाही. आत अत्तरिणीनं कपाळावर हात मारला. मग उठून तिनं टिकलीला नवं पाणी घातलं.

तात्पर्य: आपल्या पाण्यात जो सुखानं जगतो तोच जीव घरी ठेवावा, आपल्या हलगर्जीपणानं जो मेला त्याच्या मरणाला आपलं भाग्य म्हणू नये, आणि पाणी वेळच्या वेळी बदलावं.