पाण्याची कळशी ओसरीवर

एकदा एक तर्कशास्त्राचे प्राध्यापक पन्नाशी उलटल्यावर स्वयंपाक शिकू लागले. पत्नी हयात नव्हती, लेकीचे लग्न ठरले होते, आणि तिचे केळवण आपल्याच हातचे व्हावे असा त्यांनी हट्ट धरला होता. शिकवायला आल्या आक्का. चाळीस वर्षे घरोघरी तळण काढलेली ती वृद्धा अक्षरशत्रू होती, पण हाताला चव होती.

आक्कांचे एकच प्राध्यापकांना पटत नसे. तेल तापत ठेवण्याआधी त्या पाण्याची कळशी ओसरीवर नेऊन ठेवायला लावत आणि ओट्यावर कढईपेक्षा मोठे पितळी ताट काढून ठेवत.

“आक्का, आगीजवळ पाणी हवं, की आगीपासून दूर?” ते मिश्कीलपणे विचारत.

“आधी कळशी उचला,” आक्का म्हणत.

केळवणाचा दिवस उजाडला. पुऱ्यांसाठी तेल तापत होते, आक्का मागच्या अंगणात केळीची पाने धूत होत्या. एवढ्यात मुलीचे मामा-मामी आले. पाहुण्यांना दारात ताटकळत कसे ठेवायचे? प्राध्यापक तसेच उठले. “या, या” झाले, प्रवासाची चौकशी झाली, गप्पा रंगल्या. मग धुराचा वास आला.

कढई भडकली होती. प्राध्यापकांचा हात कळशीच्या नेहमीच्या जागेकडे गेला, तिथे कळशी नव्हती. ते ओसरीवर धावले आणि ती घेऊन परतले, तोवर अंगणातून धावत आलेल्या आक्कांनी गॅस बंद करून ताट बाजूने कढईवर सरकवले होते. ज्वाळा विझली. प्राध्यापकांनी ताट उचलून पाहायला हात पुढे केला, तर आक्कांनी चक्क चापट मारली.

“निवू द्या! उघडलंत तर पुन्हा पेटंल. आन् ते पाणी ओतलं असतंत, तर ते तळाशी जाऊन वाफ झालं असतं, पेटतं तेल पार छताला उडवलं असतं. घाबरलेला माणूस हाताला लागंल ते ओततो, म्हणून मी कळशी लांब ठिवते. आगीला काही देऊ नका, तिची हवा तोडा. आन् तेल तापत असताना पाव्हणा आला, तर आधी गॅस बंद करावा, मग दार उघडावं.”

“पण माझ्या पुऱ्या!” प्राध्यापक रडवेले झाले.

दारात उभी लेक पांढरीफटक पडली होती. “बाबा, पुऱ्यांवाचून माझं लग्न अडणार नाही,” ती म्हणाली, “तुमच्यावाचून अडेल.”

प्राध्यापकांनी कणीक पुढे ओढली आणि वेडेवाकडे फुलके लाटायला घेतले. मामांनी त्यातले सात खाल्ले.

पाहुण्यांचा मान थोर खराच. पण पाहुणा दारात घटकाभर थांबतो, तापलेले तेल थांबत नाही.