तापल्या चाकाची हवा

बाळांनो, आणि मोठी माणसंसुद्धा, एक सांगा बघू. प्रवासात विश्वास कोणावर ठेवावा, सारखी कटकट करणाऱ्यावर की "काही होत नाही" म्हणणाऱ्यावर? घाई नको. आधी गोष्ट ऐका.

घाटाखालच्या एका गावात एक गाडीवाला होता. जीपला मागे ट्रेलर जोडून तो लोकांचा माल बाजारी पोचवायचा. बोलायला असा गोड, की गिऱ्हाईक भाडं विचारायलाच विसरे. त्याने स्टिअरिंगजवळ एक यंत्र बसवलं होतं. ट्रेलरच्या चाकांत हवा किती, चाकं तापली किती, ते आकड्यांत दिसे. काही बिघडलं की यंत्र ओरडे.

त्याच गावातल्या एका कुंभारणीने हिवाळाभर खपून माठ घडवले. जत्रेत ते विकले, तरच वर्ष निघणार होतं. पेंढ्यात गुंडाळून तिने ते ट्रेलरवर रचले. खाली मात्र गाडीवाल्याने आधीच मिठाची पोती भरून ठेवली होती. एकाच फेरीत दोन भाडी!

कुंभारीण गाडीवाल्याशेजारी बसली आणि भर उन्हात गाडी भरधाव निघाली. थोड्याच वेळात यंत्र ओरडलं.

"बापू, काय झालं रे त्याला?"

"काही नाही मावशी. डाव्या चाकात हवा जास्त दाखवतंय."

"मग थांबू की झाडाखाली. थोडी पोती उतरव."

"पोती उतरवायला मी हमाल आहे का? थांबा, त्याचं तोंडच बंद करतो."

तो उतरला आणि तापल्या चाकातली हवा सोडत बसला. आकडा जागेवर आला, यंत्र गप्प झालं. "बघितलंत? झालं काम!"

काम कसलं होतंय! ओझ्याने आणि वेगाने चाक तापलं होतं, म्हणून आतली हवा फुगली होती. चाक निवलं असतं तर आकडा आपोआप उतरला असता. आता कमी हवेचं चाक जास्त दबू लागलं, जास्त तापू लागलं. यंत्र पुन्हा ओरडलं, या वेळी उष्णतेसाठी. गाडीवाल्याने त्याचा आवाजच बंद केला.

घाटाच्या उतारावर टायर फुटला. ट्रेलर हेलपाटला आणि नाल्यात उलटला. माणसं वाचली. माठ एकही वाचला नाही.

"टायरच खराब निघाला, मावशी. दुकानदाराने फसवलं मला."

हातातली खापरी खाली ठेवत कुंभारीण म्हणाली, "मी तुझ्या शेजारीच बसले होते, बापू."

पुढे गावाने त्याला माल देणं सोडलं. पण तेवढ्याने कुंभारणीची भट्टी काही पेटली नाही. ती आता परक्याच्या वीटभट्टीवर माती वाहते.

तात्पर्य: आकडा वाईट दिसला तर त्याचं कारण दुरुस्त करावं, नुसता आकडा दुरुस्त केला तर त्याची किंमत बहुधा शेजारी बसलेला मोजतो. हिशेबाच्या वहीतला आकडाही तसाच. म्हणून हात जोडून सांगतो, घरचा असो वा दुकानचा, हिशेब खरा लिहा. तोटा झाला तर तोटाच लिहा.