झगेकोटाचं टाकं

माळकुंजीच्या डोंगरावर खडकात खोदलेलं हे पाण्याचं टाकं. चैत्रात ते उघडतात त्या दिवशी आलात, तर गावातली सगळी लहान पोरं पायऱ्यांवर एकाच वेषात दिसतील. वर पितळी बटणांचा कोट आणि खाली गुडघ्यापर्यंत चुण्यांचा झगा. पाहुणे हसतात, यात मुलगे कोण नि मुली कोण असं विचारतात. हसा खुशाल, पण आधी ऐकून घ्या.

पूर्वी इथे रीत अशी होती की, टाकं उघडायच्या दिवशी ज्या घरचा मुलगा घागर बुडवेल त्याच घराला वर्षभर पाणी. ज्यांना मुलगा नाही त्यांनी खालच्या ओढ्यात झिरे उकरावेत. का, तर त्या दिवशी बाईमाणसाच्या परकराची सावली पाण्यावर पडली की टाकं आटतं म्हणे. आटलेलं कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही.

ठकू शिंपीण विधवा होती आणि तिला एकच मुलगी, गोजा. झिऱ्याचं गढूळ पाणी पिऊन ही पोर दर उन्हाळ्यात अंथरूण धरायची. एका वर्षी तर ती हाती लागते की नाही, असं झालं होतं.

त्याच सुमारास एक अमेरिकन पाद्री गावाबाहेर तंबू ठोकून औषधं देत होता. त्याच्या औषधाने बयाजी पाटलांचा ताप उतरला. उपकार फेडावेत म्हणून पाटलांनी त्या सालची पहिली घागर साहेबाच्या मुलाच्या हातून बुडवायचं ठरवलं. मूल आलं ते झग्यात. खांद्यावर कुरळे केस, अंगात कोट आणि खाली चुण्याच चुण्या. टाक्याचा गुरव अडखळला. साहेबाने सांगितलं की हा मुलगाच आहे, आमच्या मुलखात लहान मुलगे सणावाराला असेच नटतात. साहेब म्हणतात तर मुलगा, असं पाटील म्हणाले आणि विषय मिटला. मूल वाकलं, झग्याची सावली पाण्यावर पडली, घागर भरली. त्या वर्षी टाकं मृगापर्यंत पुरलं.

ठकूने हे ध्यानात ठेवलं. त्या झग्याची उसवलेली चुणी साहेबाच्या मडमेने तिच्याकडूनच शिवून घेतली होती, त्यामुळे तो कसा बेतायचा ते तिला ठाऊक होतं. पुढच्या चैत्रात तिने गोजाला तसाच झगा-कोट चढवला आणि टाक्यावर आणलं. मुलगा की मुलगी, पाटलांनी विचारलं. मुलगा म्हणाली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण ठकू पडली हट्टी.

"पोरगीच हाय," ती म्हणाली. "गेल्या साली असल्याच झग्याची सावली पडली, पानी आटलं न्हाई. आता हिची पडंल. सावलीत पोरगा कुठला नि पोरगी कुठली तेवढं दाखवा, मी माघारी जाते."

पाटील सावली बघायला पाण्यावर वाकले. तेवढ्यात गोजाने घागर बुडवली. भरलेली घागर परत ओतायची नाही, ही रीतही त्यांचीच होती.

पाटलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी दवंडी पिटवली की यापुढे झगा घातलेलं कुणीही टाक्याची पायरी उतरणार नाही. असं सांगतात, त्या वर्षी गावातल्या बायका एकेक करून ठकूच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. कुणाला लेकी होत्या, कुणाला नुसते लेक. सगळ्यांचं माप ठकूने घेतलं.

चैत्र आला. पाटील वरच्या पायरीवर काठी आडवी धरून उभे राहिले. डोंगर चढून पोरं आली ती झाडून सगळी झग्यात. सर्वांत पुढे पाटलांचा स्वतःचा नातू, आईचं बोट धरून. ही सून आजवर सासऱ्यापुढे तोंड उघडून बोलली नव्हती.

"मामंजी, काठी बाजूला घ्या," ती म्हणाली. "पोरं तान्हेली हायेत."

ती काठी आजही इथेच आहे. त्या दोन खडकांच्या मध्ये आडवी बसवली आहे ना, तीच. पोरं तिच्यावर ओले झगे वाळत घालतात. आणि यातले मुलगे कोण, मुली कोण, हे जाणून घ्यायचंच असेल तर या इथे, वाकून पाण्यावरच्या सावल्या बघा. कळलं तर आम्हालाही सांगा.