चांगुणेचा थेंब

फार वर्षांपूर्वी, माडबंदरच्या सगळ्या होड्या शिडावर चालत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा तिथे चांगुणा नावाची एक कोळीण राहत होती. मासे तळून विकावेत तर तिनेच. असं म्हणतात, की कढईतल्या तेलाचा नुसता आवाज ऐकून ती सांगायची, तुकडी अजून ओली आहे की निथळली आहे.

चांगुणेचा नवरा दर्यावर गेला तो परत आलाच नाही. मागे एकुलता एक मुलगा राहिला, जोमा. जोमा मोठा झाला, तांडेल झाला, म्हणजे होडी त्याच्या हुकमावर चालू लागली. आणि माडबंदरातलं पहिलं इंजिन आलं ते नेमकं त्याच्याच होडीवर.

अख्खा गाव नाचला. चांगुणा मात्र घाबरली. शीड दर्याच्या ओळखीचं, वल्हं ओळखीचं. हा लोखंडी जीव कुठला कोण? नवीन होडी पाण्यात ढकलण्याआधी तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दर्याचं पाणी शिंपडायची माडबंदरची रीत होती. तेवढ्याने दर्याला होडीची ओळख पटते, असं म्हणत. पण इंजिनाला ते पाणी कुणीच दिलं नव्हतं. आणि ज्याला दर्या ओळखत नाही त्याला तो ठेवून घेतो, हे चांगुणेला नवरा गेल्यापासून ठाऊक होतं.

नारळी पौर्णिमेला सगळे किनाऱ्यावर नाचत होते, तेव्हा ती हळूच होडीवर चढली. तिने करवंटीभर दर्याचं पाणी घेतलं. इंजिनाच्या अंगावर एक झाकण दिसलं, ते उघडलं. हेच याचं तोंड असणार, असं तिला वाटलं. "दर्याराजा, याला वलख. यो माज्या जोम्याचा हाय," असं म्हणून तिने ते पाणी आत ओतलं, झाकण लावलं आणि निमूट खाली उतरली.

ते तोंड तेलाचं होतं. इंजिनाच्या आतलं लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून तिथून तेल घालतात. हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी होडी जवळच्या जवळ फिरून आली. जोमाने तेल बघायची सळी बाहेर ओढली, तर काळं तेल पांढरट झालेलं, ताकासारखं दाट. जोमाने सळी फडक्याला पुसून पुन्हा घालून बघितली, तरी तेच. पण होडीवरचा जुना खलाशी पोशा ओरडला, "अरं, इंजनाला पान्हा फुटला! दर्या पावला!" झालं. माडबंदरची माणसं, चमत्कार म्हटला की त्यांना दम कुठला? बायका हळदकुंकू घेऊन धावल्या. इंजिनाची ओटी भरली. कुणी सळीवरचा थेंब पोराच्या कपाळालाही लावला.

त्या दुधात काय मिसळलंय ते चांगुणेला एकटीला माहीत होतं. पण बोलायचं कसं? विधवा बाईने होडीच्या नव्या इंजिनात हात घातला, हे कळलं असतं तर गावाने तिला उभीच्या उभी जाळली असती, आणि जोमालाही होडीवरून उतरवलं असतं. म्हणून ती गप्प बसली. गप्प बसली आणि आतून जळत राहिली.

पुढच्या पहाटे होडी लांबच्या मासेमारीला निघून गेली. जोमाने तेल पुसलेलं फडकं घरात टाकलं होतं. चांगुणेने चूल पेटवली, तवा चांगला तापवला आणि ते फडकं त्यावर पिळलं. एकच थेंब पडला. थेंब तडतडला, उडाला, तिच्या हातावर येऊन बसला.

तेलात पाणी असलं की तापल्यावर काय होतं ते तिच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? तव्यावर थेंब असा, तर तिथे इंजिनाच्या पोटात काय चाललं असेल! ती तशीच किनाऱ्याकडे धावली. बाहेर वारा फिरला होता आणि लाटा काळ्या पडल्या होत्या. तिने सापडलं ते होडकं पाण्यात लोटलं. असं म्हणतात, की त्या दिवशी लाटा माडाएवढ्या उसळत होत्या, पण तिच्या होडक्यापुढे येऊन आडव्या पडत होत्या. असंही म्हणतात, की तिच्यामागे एक वल्हं आणखी कुणीतरी मारत होतं, आणि तिने भीतीने मागे वळून पाहिलंच नाही.

होडी तिला गिधाडखडकाच्या अलीकडे दिसली. इंजिन खड्‌खड् ठोके देत होतं, धूर ओकत होतं. वारा होडीला खडकाकडे रेटत होता आणि जोमा इंजिन आणखी पळवत होता.

"जोमा, बंद कर! इंजान बंद कर!"

"आये, बंद केला त खडकावर फुटू आपन!"

"चालू ठेवला त तव्याला तुकडी चिकटते तसा जागच्या जागी आवळंल तो, मंग कंदीच हलनार नाय. त्याच्या पोटान पानी हाय. मीच घातलाय!"

पोशा तिच्यावर हात उगारून धावला. चांगुणा होडीवर चढली, सळी ओढली आणि खलाशांच्या चुलीवरच्या तापल्या तव्यावर थेंब टाकला. तो तडतडला. पोशाचा हात खाली आला.

जोमाने नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. नुसत्या लाटा ऐकू यायला लागल्या आणि मागून खडकावर फुटणारं पाणी. नांगराचा दोर कण्हत होता, त्याचा एकेक पीळ सुटत होता. जोमाने इंजिनाच्या पोटाखालचं बूच उघडलं. आधी खारं पाणी आलं, मग ते पांढरं तेल भळाभळा आलं. वरून डिझेल ओतलं, हँडल हाताने फिरवून इंजिन आतून धुतलं, तेही सोडून दिलं. दोराचा आणखी एक पीळ तुटला. बूच आवळून जोमाने डब्यातलं नवं तेल ओतलं, पुन्हा हँडल फिरवलं आणि सळी आईच्या हातात दिली.

चांगुणेने तव्यावर थेंब टाकला. असं म्हणतात, की तेवढ्यापुरता दर्याही थांबला होता. थेंब पसरला, धुरावला आणि गप्प राहिला.

जोमाने हँडल मारलं. इंजिन धडधडलं, तेव्हाच दोर तुटला, आणि होडी खडकाला घासून बाहेर निघाली.

घराकडे येताना चांगुणा कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती. जोमा तिच्याजवळ येऊन बसला. "आये, तू बोललीस तरी," तो म्हणाला. "मी पहाटंपासून त्यो ठोका ऐकत व्हतो. घाबरून कोनाला सांगला नाय."

मग पोशानेही मान खाली घातली. "तेल बघून मी बी भ्यालो व्हतो," तो म्हणाला. "ता झाकायलाच पान्हा म्हनून वरडलो."

चांगुणा पुढे पुष्कळ जगली म्हणतात. कुणी म्हणतं, गिधाडखडकाजवळून आजही होडी गेली की तेलाची चरचर ऐकू येते. खरं-खोटं दर्याला ठाऊक.

पण एक गोष्ट माडबंदरात आजही होते. पावसाळ्यानंतर होड्या निघायच्या दिवशी किनाऱ्यावर चूल मांडतात, तवा तापवतात आणि प्रत्येक इंजिनातला एक थेंब त्यावर टाकतात. त्या वेळी लहान पोरंसुद्धा कान देऊन उभी असतात. थेंब तडतडला, तर चुलीपाशी बसलेली बाई एवढंच म्हणते, "चांगुणा बोलली," आणि ती होडी त्या दिवशी जात नाही. मग गर्दीतून कुणीतरी मान खाली घालून पुढे येतं, आजवर लपवलेलं काहीतरी सांगायला. त्याला आधी बसायला पाट देतात, हातात चहा देतात. तो चहा पिऊन होईपर्यंत त्याला कुणी काही विचारत नाही.