ओर्सोलाच्या घरी आलेला कवडसा

एकदा काय झालं, दूर युरोपात, बर्फाच्या डोंगरांत वालनेरा नावाचं गाव होतं. गाव केवढं? इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जावं एवढं. डोंगर मात्र असे उंच, की हिवाळ्यात सूर्य त्यांच्यामागे जायचा तो तीन महिने तोंड दाखवायचा नाही. खरंच सांगते.

मग तो परत यायचा, त्या दिवशी सगळं गाव नदीच्या पुलावर जमायचं. हातात घासूनपुसून लख्ख केलेली तांब्याची परात, परातीत मक्याची भाकरी. सूर्याचा नैवेद्य, बरं का. पहिल्या दिवशी ऊन फक्त पुलावर यायचं. दूध उतू जाईपर्यंत थांबायचं, की गेलं.

या साऱ्या पराती घडवल्या होत्या म्हाताऱ्या बातिस्ता तांबटाने. त्या वर्षी त्याची बायको ओर्सोला अंथरुणाला खिळली. अन्नपाणी सुटलं. एकच म्हणायची, "एकदा ऊन बघू दे मला."

तो दिवस आला. बातिस्ताने तिला खुर्चीत बसवून न्यायचं ठरवलं, तर उंबऱ्यातच तिला धाप लागली. मग त्याने खाट खिडकीशी ओढली, तर समोर डोंगर. मग तीच म्हणाली, नैवेद्य चुकवू नका, तुम्ही जा.

पुलावर ऊन आलं. बातिस्ताचं लक्ष घराकडे, परात कलली आणि भाकरी गेली नदीत. अपशकुनच की! पण रिकाम्या परातीतून एक कवडसा उडाला, तो थेट चर्चच्या भिंतीवर. जन्मभर पराती घडवल्या, पण सूर्यापुढे रिकामी परात कधी कोणी धरली होती?

"भाकऱ्या टाका नदीत," बातिस्ता म्हणाला, "आणि रिकाम्या पराती घेऊन पळा माझ्या घराकडे."

नैवेद्य टाकायचा? कोणी हलेना. मग पाद्रीबाबांनीच पहिली भाकरी टाकली.

मग काय! चर्चपाशी एकीने आपल्या परातीत कवडसा झेलला आणि पुढे दिला. विहिरीपाशी दुसरीने, भट्टीपाशी तिसऱ्याने. जिथे कधी ऊन पडलं नव्हतं, त्या गल्लीतून ऊन चालत निघालं. बातिस्ताला मात्र जागचं हलता येईना. पहिली परात त्याच्याच हातात ना!

मग तोंडातोंडी निरोप परत आला. ऊन ओर्सोलाच्या हातावर जाऊन बसलं होतं. आणि ती त्या कवडशाला म्हणाली होती, "आलास? बस जरा."

बातिस्ता तिथेच रडला. ऊन गेलं तसा धावत घरी आला. ओर्सोला उठून बसलेली. म्हणते, भूक लागली, भाकरी द्या. आता गावातल्या झाडून साऱ्या भाकऱ्या नदीत! माशांची चंगळ झाली होती नुसती. बातिस्ताने हसत हसत पीठ मळायला घेतलं.

तेव्हापासून वालनेरात पहिलं ऊन आधी अंथरुणावरच्या माणसाकडे जातं, नैवेद्य त्यानंतर. सगळी सुखात आहेत.

चला, मिटा डोळे. आपल्याकडे ऊन आपणहून येतं खिडकीत. ते यायच्या आत झोप झालेली बरी.