परत मागितलेली वाटी

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की त्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही आठवत नसेल. त्या राजाने नदीकाठी नवी राजधानी वसवली आणि गावोगाव दवंडी पिटली, 'हाताला कसब असेल त्याने नगरात यावं. काम दरबार देईल, घर ज्याने त्याने पसंत करावं.'

दवंडी ऐकली आणि एका आडगावच्या विणकराला चैन पडेना. त्याची बायको वेणू तर त्याच्याहून उतावळी. तिने माग सोडवून बैलगाडीत चढवला, दोन्ही मुलींना त्यावर बसवलं, म्हाताऱ्या सासऱ्यांना मागे गवताची गादी करून दिली आणि गावाला रामराम ठोकला.

सासऱ्यांना अलीकडे काही आठवत नसे. जेवून हात धुतले, की 'आज जेवायला नाही का?' म्हणून विचारत. सूत आणायला म्हणून निघत आणि भलतीकडेच जात. गावात त्याची काळजी नव्हती. कुणी ना कुणी त्यांना हाताला धरून घरी आणून सोडी. नगरात कोण आणणार? आनंदाने फुललेल्या वेणूच्या मनात एवढा एकच काटा सलत होता.

पण नगराची वेस दिसली आणि ती काटाही विसरली. केवढे ते बुरूज, केवढा तो बाजार. धाकटी हत्ती पाहून आईला बिलगली, थोरली हलवायाच्या दुकानापाशी गाडीतून जवळजवळ खालीच पडली. वेणूचे डोळे तर कुठे ठरेनात. इथे आपण राहणार, या रस्त्यावरून रोज जाणार, या विचाराने तिला उगाचच हसू येत होतं.

तिच्या घराण्याची एक रीत होती. नव्या घरात पहिल्या संध्याकाळी दुधाला जुन्या घरचं विरजण लावायचं. त्यासाठी तिने बोळक्यात दही आणलं होतं. वेशीत गाडी थांबली तेव्हा तिने बोळकं उघडलं, तर ते रिकामं.

"मामंजी, यातलं दही कुठं गेलं?"

"कसलं दही? मला सकाळपासून कुणी काही दिलंच नाही," सासरे म्हणाले. दही त्यांच्या मिशीला लागलेलं होतं.

वेणूला राग यायला हवा होता, आलं हसूच. "असू दे. नव्या शेजारणीकडून मागून घेईन," ती म्हणाली.

दरबारचा कारभारी त्यांना आधी राजपेठेत घेऊन गेला. तिथलं घर पाहून विणकर हरखला. नक्षीचं दार, अंगणात स्वतःची विहीर, मागासाठी भरपूर उजेडाची पडवी. खरं सांगायचं तर वेणूलाही मोह पडला. पण संध्याकाळ व्हायच्या आत विरजण हवं होतं. ती शेजारच्या दाराशी गेली, जरा घुटमळली, मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणून सरळ मागून मोकळी झाली.

आतून एक नोकर चांदीची वाटी घेऊन आला. वाटी घट्ट दह्याने काठोकाठ भरलेली होती. "बाईसाहेबांनी सांगितलंय, वाटी परत आणायची तसदी घेऊ नका," तो म्हणाला आणि त्याने आतून कडी लावली.

"बघ, शेजार किती दिलदार," विणकर म्हणाला. "चांदीची वाटी देऊन टाकली."

वेणू वाटीकडे पाहत राहिली. तिच्या गावात शेजारची वाटी कधी रिकामी परत जात नसे. कधी चटणी जाई, कधी चार शेंगा जात, आणि वाटीबरोबर घटकाभर गप्पाही होत. वाटीच परत न्यायची नसेल, तर या दाराशी पुन्हा यायला निमित्त काय? तिने वाटी होती तशी उंबऱ्यावर ठेवली आणि ती परत फिरली.

"आणखी एक जागा पाहू या का?"

विणकराच्या कपाळावर आठी चढली. कारभारीही म्हणाला, "बाई, दिवेलागणीच्या आत ठरवा. एकदा उंबरा पुजला, की घर बदलून मिळत नाही."

दुसरी जागा तांबट आळीत होती. घर लहान, दार बुटकं, आणि आळीभर हातोड्यांची ठकठक. विणकराने कानांवर हात ठेवले. सासरे मात्र त्या ठोक्यांवर मान डोलवत बसले.

वेणूने समोरच्या घरी विरजण मागितलं. काशी नावाची एक म्हातारी बाहेर आली. तिने वेणूला गाव विचारलं, मुलींची नावं विचारली, म्हाताऱ्यांना काय होतं तेही विचारून घेतलं. मग कल्हईच्या वाटीत चमचाभर विरजण आणलं. वाटीच्या काठावर तिचं नाव कोरलेलं होतं.

"वाटी परत आण हं," ती बजावून म्हणाली. "उद्याच आण. विसरलीस तर मी मागायला येईन."

"चमचाभर दही आणि एवढी ताकीद," विणकर पुटपुटला.

वेणूचा चेहरा मात्र उजळला. "अहो, आपलं घर हेच," ती म्हणाली आणि कारभाऱ्यासमोर तिने उंबऱ्याला हळदकुंकू लावलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वाटी लाडू घेऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली. मग ती समोरासमोरच्या दोन घरांत अशी फिरत राहिली, की ती कुणाची हे वरचं नाव वाचूनच कळावं. काशी रोज ओरडून सांगे, "वाटी परत आण गं," आणि ओट्यावर बसलेले सासरे ते रोज ऐकत.

एके दिवशी विणकर कापड घेऊन दरबारात गेला होता. वेणू मागावरून उठली तर ओटा रिकामा. सासरेही नाहीत आणि काशीची वाटीही नाही. वेणू धावत आळीत आली. तिने हाक मारली आणि आळीतले हातोडे एकेक करून थांबले. कुणी नदीकडे धावलं, कुणी बाजाराकडे.

ऊन कलताना एक तांबट सासऱ्यांना हाताला धरून आला. राजपेठेत घंगाळं पोचवायला तो गेला होता. तिथे त्या नक्षीच्या दाराशेजारी एक म्हातारा डोक्यावर पंचा ओढून बसलेला त्याला दिसला. लोकांनी त्याला भिकारी समजून त्याच्या पुढ्यातल्या वाटीत मूठ मूठ तांदूळ टाकले होते. कोण, कुठला, हे कुणीच विचारलं नव्हतं. तांबटाने वाटीवरचं नाव ओळखलं आणि मग पंचा बाजूला करून पाहिलं.

"मी वाटी परत द्यायला निघालो होतो," सासरे म्हणाले. "घरच सापडेना." सगळं विसरलेल्या त्या माणसाला तेवढं एक लक्षात राहिलं होतं.

काशीने डोळे पुसले. वाटीत पाहिलं आणि म्हणाली, "बघ वेणू, रिकामी नाही आणली त्यांनी."

संध्याकाळी विणकर परतला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने स्वतः वाटी घासली, घरचं दही तिच्यात भरलं आणि तो समोरच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

म्हणून बाळांनो, घर निवडताना दाराची नक्षी पाहू नका. आपलं हरवलेलं माणूस त्या दाराशी परत आणून सोडणारं शेजारी कुणी आहे का, ते पाहा.