राघूचं माप

त्या दिवशी थंडी होती. पौषातलं ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब म्हणून नव्हती. वारं पायाला झोंबत होतं, आणि फकिराच्या तकियातल्या लिंबाची पिवळी पानं एकेक करून खाली येत होती.

“...म्हणजे डाळ कमी पडते का पेरू जास्त होतोय, तेवढंच सांगा बाबा,” केरबा म्हणाला, आणि त्यानं राघूचा पिंजरा बाबांच्या पुढ्यात ठेवला.

मी तकियाच्या ओट्याच्या कडेला दोर वळत बसलो होतो. म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं.

दावलबाबा फकीर माणूस. तकियात एकटेच राहायचे. तकियाची भिंत आणि केरबाच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. शेजारी म्हणा, गुरू म्हणा, केरबा त्यांना दोन्ही मानायचा.

केरबा गावातल्या बोर्डिंगात कोठीवर होता. पोरांचं धान्य रोज मोजून द्यायचं, हे त्याचं काम. जन्मभर केलं, आणि चोख केलं. रिटायर झाला तरी कमरेची किल्ली काही सुटली नाही. फक्त कोठी बदलली, बोर्डिंगातली गेली आणि घरातली आली. गल्लीत लोक म्हणायचे, केरबाच्या घरात मुंगीला शिरायचं असलं तरी आधी अर्ज करावा लागतो. केरबाच्या कानावर ते जायचं. तो हसायचा. त्याला ते आवडायचं.

त्याची बायको अनसूबाई भाद्रपदात गेली. मूलबाळ नव्हतं. मागं राहिला तो हा राघू. पिल्लू असताना झाडाखाली पडलेला मिळाला होता, तिनंच वाढवला.

आता तो काडीला नखं रुतवून बसला होता. पिसं फुगवलेली, छातीचं हाड वर आलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

“हा गेला तर घरात तिचं काहीच राहत नाही,” केरबा म्हणाला. “एवढा वाचवा.”

बाबांनी पिंजऱ्यात बोट घातलं. राघूनं बोटाकडं बघितलंसुद्धा नाही.

“काय देतोस?”

केरबा ताठ बसला. हे त्याचं पाठ होतं.

“सकाळी हरभऱ्याची भिजवलेली डाळ, एक चमचा. सपाट, शिगोशीग नाही. दुपारी पेरूची एक फोड आणि एक हिरवी मिरची. शेंगदाणे दोनच, जास्तीनं पोट बिघडतं. संध्याकाळी बाजरीच्या कणसाचा बोटाएवढा तुकडा. पाणी मात्र हवं तेवढं.”

“पाण्याला माप नाही?”

“नाही.”

“बरं झालं.”

केरबाला ते कळलं नाही. तो आपला सांगतच राहिला.

“पिल्लू होता तेव्हाच ठरवून दिलं मी. तेव्हापासून एका दाण्याचा फरक नाही.”

“आणि अनसू काय द्यायची?”

“हेच की. सकाळी मी कोठी उघडायचो. दोघांचं पीठ, डाळ, तेल काढून तिच्या पुढ्यात ठेवायचो. याचं वेगळं, वाटीत. मग कुलूप.”

“तेवढ्यावर हा कसा होता?”

“कसा म्हणजे!” केरबाचे डोळे लकाकले. “हातात घेतला तर हाताला वजन लागायचं. हिरवागार नुसता. ओरडायचा तर असा, की गल्लीतली कुत्री गप व्हायची.” तो थांबला. “चमचा तोच. वाटी तीच. देणारा हात तेवढा बदलला. मग हा झडतोय का? हिशेब कुठं चुकतोय तेच कळेना.”

बाबांनी पिंजरा उजेडाकडं वळवला.

“डॉक्टरला दाखवलास?”

“गुरांच्या डॉक्टरकडं नेला. तो म्हणतो, खाऊ घाला, खाईल तेवढं घाला. हे काय औषध झालं? अशानं पाखरू माजतं.” केरबा पुढं सरकला. “तुमचाच शब्द आहे बाबा. चार घासांची भूक राखून ताटावरनं उठावं. ज्याचं पोट तुडुंब, त्याला शहाणपण सुचत नाही.”

“मी म्हणालो होतो?”

“याच ओट्यावर. मी तो शब्द खाली पडू दिला नाही. सगळं घर त्यावर चालवलं. उगाच नाही तुमचा शिष्य म्हणवून घेत.”

हे म्हणताना त्यानं एकदा माझ्याकडंही बघितलं. मी मान डोलवली. काय करणार? अंगानं भरलेला माणूस, साठी उलटली तरी गाल तुकतुकीत. बोलायला लागला की ऐकावंसं वाटायचं.

बाबांनी वर उन्हाकडं बघितलं.

मग उठले. “माझी जेवायची वेळ झाली.”

“जेवा तुम्ही. मी मागनं येतो.”

“जाऊ नकोस. त्या दाराआड बस. याला दिसू नकोस, एवढं कर.”

“मला दिसायचं नाही? रोज मीच तर खायला घालतो याला!”

“म्हणूनच.”

केरबा उठून दाराआड गेला. थोडा रुसल्यासारखा गेला.

बाबांनी आतून जर्मनची ताटली आणली. ज्वारीची एक भाकरी, अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा. खाटेवर नाही बसले. पिंजरा भिंतीशी सरकवला, आणि त्याच्याशेजारी खाली जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर घरातली बाई बसते तसे.

भाकरी मोडली. वाळलेली होती, मोडताना वाजली.

राघूनं डोळे उघडले.

बाबांनी अजून एक तुकडा मोडला. राघू काडीवरून सरकत सरकत गजांपाशी आला. चोच बाहेर काढली. आणि बोलला.

“गप. वरडू नगं.”

माझ्या हातातला दोर सुटला.

तो आवाज अनसूबाईचा होता. तस्साच, दबका, जरासा घोगरा. गल्लीत तिचा आवाज कधी मोठा निघाला नाही, पण आम्ही सगळे तो ओळखत होतो.

बाबांनी तुकडा गजातून आत दिला. राघूनं तो ओढून घेतला. पायात धरला आणि असा खाल्ला, की खाली चुरासुद्धा पडला नाही.

“घे,” राघू म्हणाला. “माझ्यातलं घे.”

बाबांनी दुसरा तुकडा दिला.

“त्यास्नी कळायचं न्हाई. घे.”

तिसरा.

“मला न्हाई भूक.”

आणि शेवटी तो खोकला. दोनदा, कोरडा. ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात खोकायची तसा.

दाराआड काही हललं नाही. मग किल्ली वाजली, आणि केरबा बाहेर आला. त्याच्या तोंडावर हसू होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता.

“तिचाच आवाज! बाबा, तिचाच की हो! घरी एकदासुद्धा बोलला नाही हा. मी म्हणायचो, मुका राघू पाळलाय हिनं.” तो पिंजऱ्यापाशी खाली बसला. “परत बोलवा. एकदा परत बोलवा.”

केरबा दिसला तसा राघू मागं सरकला.

“आवाज ऐकलास,” बाबा म्हणाले. “काय म्हणाली?”

“हां?”

“काय म्हणाली ती?”

केरबा आठवायला लागला. “म्हणाली... गप. मग म्हणाली, घे...”

“पुढं?”

“माझ्यातलं घे.”

बाबांनी कांद्याची पाकळी तोंडात टाकली. “तिचं किती होतं?”

हा प्रश्न मापाचा होता. केरबानं लगेच उत्तर दिलं.

“माझ्या चार भाकरी, तिच्या दोन. दुपारी एक, रात्री एक. वाटीभर डाळ. बाईमाणसाला तेवढं...”

तो तिथंच थांबला.

लिंबाचं एक पान ताटलीत पडलं. बाबांनी ते उचलून बाजूला ठेवलं.

“मी जेवून आडवा व्हायचो,” केरबा हळू म्हणाला. “ती मागनं जेवायची. मला कसं दिसणार?”

बाबा जेवत होते.

“डॉक्टर म्हणाला होता, तिच्या अंगात रक्त नाही. मी टॉनिक आणलं होतं बाबा. महागातलं. माझ्या हातानं पाजत होतो, रोज, चमच्यानं...”

तो शब्द त्याच्याच कानाला लागला असावा. त्यानं तोंड फिरवलं.

मग एकदम चिडला. “मागायचं होतं! तोंड नव्हतं का तिला? मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो?”

“नसतास म्हणाला?”

केरबाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला होता, तो त्यानं तिथून काढून घेतला.

“एकदा म्हणाली होती,” तो म्हणाला. “राघूचं वाढवून द्या म्हणून. आता मोठा झालाय, पुरत नाही म्हणून. मी म्हटलं, माप म्हणजे माप. आज पाखराला वाढवलं, उद्या मांजर येईल दारात.” तो कसनुसा हसला. “तीही हसली होती तेव्हा.”

“परत मागितलं नाही?”

“नाही.”

बाबा म्हणाले, “शहाणी होती.”

केरबाला ते झोंबलं. “आता मलाच दोष द्या. तुमच्याच शब्दावर चाललो ना मी? भूक राखावी, हे कोण म्हणालं होतं?”

“मी.”

“मग?”

“कुणाला म्हणालो होतो?”

“मला.”

“मग राखली कुणी?”

सुटलेला दोर माझ्या पायाशी तसाच पडला होता. उचलावासा वाटला नाही.

केरबानं भिंतीकडं बघितलं. ही भिंत तकियाची, आणि हीच त्याच्या स्वयंपाकघराची.

“तुम्हाला ऐकू यायचं,” तो म्हणाला.

“यायचं.”

“इतकी वर्षं?”

“रोज दुपारी.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांचा हात ताटलीत तसाच राहिला. “मला वाटायचं, भरल्या ताटातलं देते आहे.”

गल्लीत कुणीतरी बादली आपटली. त्या आवाजानंही केरबा दचकला.

मग त्यानं एकाएकी बाबांच्या ताटलीतली उरलेली अर्धी भाकरी उचलली. सगळीच्या सगळी. एवढी मोठी भाकरी गजातून जाईना. त्यानं ती दाबली, चुरली, बोटांनी आत ढकलायला लागला.

“घे,” तो म्हणाला. “घे की. सगळी घे.”

राघू पिंजऱ्याच्या पलीकडच्या गजांना जाऊन चिकटला. पंख पसरले, मान आत घेतली. चोच गच्च मिटलेली. भाकरीचा चुरा पिंजऱ्यात खाली पडत राहिला, आणि तो तिकडं बघेसुद्धा ना.

“अरे घे ना राजा. कोठी तुझीच आहे. काय पाहिजे ते मिळेल. डाळ, पेरू, दाणे... माप नाही, काही नाही. घे.”

राघू हलला नाही.

केरबाची बोटं तशीच गजांच्या आत होती. त्यानं बाबांकडं बघितलं. तोंड एखाद्या लहान पोरासारखं झालं होतं.

“घेत नाही बाबा. माझ्या हातून घेत नाही हा.”

बाबांनी ताटलीत पाणी ओतून हात धुतला. पंच्याला पुसला.

“घेईल,” ते म्हणाले. “भूक लागली की घेईल. तीही तुझ्या हातून घेतच होती.”